एका बिडीची पट्टी

याकूबभाऊ पोळी मधून खायचा आणि कड तशीच ठेवायचा. शेवटी ताटलीत पोळीचं रिकामं कडं उरायचं, ते तो बकरीला घालायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "कड गिळून टाकली तं मधात का होतं ते कसं समजन, बाई?" बकरीला समजत असेल. मला नाही समजलं.

हे पोळीपुरतंच असतं तर मी लिहायला बसले नसते. त्याच्या ओट्याला चारी बाजूंनी चुन्याची पट्टी. खाटेभोवती जमिनीवर चुन्याची पट्टी. एका सकाळी मी चक्की उघडायला आले, तर माझ्या दरवाज्यालाही चुन्याची पट्टी, आणि हा हातात ब्रश घेऊन मागे सरकून पाहतो आहे.

"आता कशी चक्की चक्कीवानी दिसते."

"आंधी का म्हैस दिसे?"

"म्हैसच दिसे," तो म्हणाला. "पट्टी नसन तं कोणतीबी वस्तू सांडते."

हे त्याचं आवडतं वाक्य. पट्टी नसेल तर माणूस सांडतो. शाळेतल्या पोरांना, लग्नातल्या नवरदेवांना, फॉरेस्टच्या साहेबांना, सगळ्यांना त्याने ते ऐकवलं. मी चार बुकं शिकलेली बाई. मी म्हटलं असेल बाबा, सांडत असेल.

अहेरीच्या बाजाररस्त्यावर माझी पिठाची चक्की आणि त्याचा फोटो स्टुडिओ यांच्यात एकच भिंत. स्टुडिओच्या मागेच त्याचं घर. तो माझ्याहून थोडा लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. तो मला बाई म्हणतो. त्याच्या अंधारखोलीत एक लाल दिवा, रसायनाच्या थाळ्या, आणि फोटो मोठा करायचं उंच यंत्र. त्या यंत्राखाली लोखंडी पाट. पाटावर सरकणारी चार लांब पाती. कागद पाटावर ठेवायचा आणि पाती सरकवून त्याच्या कडा झाकायच्या. वरून उजेड पडला की मधे फोटो उमटतो आणि पात्यांखालची जागा पांढरी राहते. तीच पट्टी. या पाटाला तो मास्क म्हणायचा. नागपूरहून आणला होता आणि बायकोने हात लावला तरी खेकसायचा.

माझं त्याच्याशी वैर या मास्कवरूनच झालं. माझी मोटर सुरू झाली की त्याच्या यंत्राचा उजेड मंदावायचा, फोटो फिके यायचे. शिवाय भिंत हादरायची. पाती जागेवरून सरकायची आणि पट्टी एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक. तो तणतणत यायचा. "बाई, तुमच्या ज्वारीपायी मास्तरचा कान कापला गेला!" मी म्हणायची, "मास्तरचा कान तसाबी कोणत्या कामाचा?" शेवटी तोड निघाली. त्याने भिंतीवर ठोकलं की मी चक्की बंद करायची, पुन्हा ठोकलं की सुरू करायची. माझी गिऱ्हाइकं बडबडायची. मी सांगायची, "थांबा, तिकडं माणसं छापून राह्यला तो."

पांढरी पट्टी जित्यांची. मेलेल्यांना काळी. काळी करणं सोपं नाही, असं तो सांगे. फोटो उमटला की त्यावर बरोबर त्याच मापाचा पुठ्ठा ठेवायचा आणि उघड्या कडांवर पुन्हा उजेड टाकायचा. उजेड पडतो तिथे कागद काळा होतो. "पाहा बाई, अंधार कराले उजेडच लागते," म्हणायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा.

लोक काळी पट्टी मागताना फार तऱ्हा करायचे. एकाने भावाच्या फोटोला अंगठ्याएवढी जाड पट्टी मागितली. भाऊ जिता होता तेव्हा या बाबाने त्याला वाटीभर वरण दिलं नव्हतं, ते सगळ्या बाजाराला ठाऊक. याकूबभाऊने खिशातून बिडी काढली आणि फोटोच्या कडेला आडवी धरली. "एका बिडीची. पाटलालेबी एवढीच, कोतवालालेबी एवढीच. जास्त रडू येत असन तं घरी जाऊन रड." माझ्या नवऱ्याला एका बिडीची. त्याची स्वतःची बायको काविळीने गेली, तिलाही एका बिडीची. त्यांच्यात घरात फोटो टांगत नाहीत. मौलवीसाहेब रागावले. याने फोटो कपाटाच्या आतून लावला आणि म्हणाला, "आता टांगला नाई, ठेवला आहे."

हळूहळू आमच्या भागात असं झालं की याकूबभाऊने काळी पट्टी दिल्याशिवाय माणूस मेला असं वाटायचंच नाही. सरकारी दाखला नंतर आला तरी चाले.

म्हणूनच कोंडूजी पाटलाचं ते प्रकरण झालं. पाटलाने लेकीच्या घरी द्यायला स्वतःचा फोटो मोठा करायला टाकला होता. त्याच दिवशी एका मेलेल्या माणसाचाही होता. दोघांना फेटा, दोघांना मिशा. "निगेटिव्हमधी सगळेच भुतं दिसतेत, बाई, मी का करू?" पाटलाला काळी पट्टी लागली आणि मेलेल्याला पांढरी. पाटलाने पाकीट उघडलं आणि खाटच धरली. "मले मारलं ना यानं. आता कायले उठू?" दोन दिवस जेवला नाही. मग भूक लागली तसा उठला, आणि पुढे कितीतरी वर्षं जगला, पण स्टुडिओवरून जाताना तोंड फिरवून जायचा. खरोखर मेला तेव्हा पोरगा फोटो मागायला आला. याकूबभाऊ म्हणाला, "पाटलाचा फोटो मी आंधीच देऊन ठेवला आहे. खाटेखाली पाहा." खरंच खाटेखाली होता, फडक्यात नीट गुंडाळलेला.

आणि त्या मेलेल्याची बायको? याकूबभाऊ चुकीचा फोटो बदलून द्यायला तिच्या गावी गेला, तर तिने पांढरी पट्टी परत दिलीच नाही. "राहू द्या," म्हणाली. याकूबभाऊ येऊन माझ्याकडे चिडला. "असं कसं राहू द्या? मेलेला माणूस मेलेल्यावानी दिसाले पायजे ना!" त्याला तेव्हा ते पटलं नव्हतं.

जंगलात प्रेत सापडलं की पोलीस त्यालाच न्यायचे. कधी वाघाने खाल्लेलं, कधी माणसांनीच मारलेलं, कधी पाण्यात फुगलेलं. तिथून आला की तो ओट्यावर बसून साबणाने हात धूत बसायचा, हाताला काही लागलेलं नसताना. पोलिसांचे फोटो बिनापट्टीचे. "तेयले माणूस नाई पायजे, पुरावा पायजे." पण घरचे लोक मागून यायचे. त्यांच्याकडे मेलेल्याचा दुसरा फोटोच नसायचा, गरिबाचा फोटो काढतो कोण? एक म्हातारी अशीच बसली होती. वाघाने लेकाचं गळ्याखाली काही ठेवलं नव्हतं. याकूबभाऊ आत गेला. भिंत ठोकली, मी चक्की थांबवली. बराच वेळ झाला. बाहेर आला तेव्हा हातात लहानसा फोटो. चारी पाती आत आत सरकवून त्याने फक्त तोंड ठेवलं होतं. डोळे मिटलेले, झोपल्यासारखा. बाकीचं सगळं पात्यांखाली गेलं होतं. म्हातारी म्हणाली, "माहा शामराव." मग फोटो पदरात बांधून गेली.

मी त्याला म्हटलं, "बरं केलंस."

"मी का केलं? मास्कनं केलं."

पुढे चंद्रपूरला रंगीत फोटोंची मशीन आली. रोल पाठवायचा, फोटो धुऊन यायचे. लोकांना लाल साड्या लाल पाहिजे होत्या. अंधारखोलीला काम राहिलं नाही आणि भिंतही गप्प झाली. माझी चक्की दिवसभर निवांत चालायची. गिऱ्हाइकं खूश. मलाच अधूनमधून वाटायचं, कोणी ठोकलं का.

रंगीत फोटो काढायचा त्याचा पोरगा, अस्लम. एकुलता एक. बापाच्या पट्टीला हसायचा. "अब्बा, आता फोटो कडेपर्यंत भरून येते. पट्टी म्हणजे कागदाची नासाडी." बाप म्हणायचा, "सांडशीन एक दिवस." हे बोलणं रोजचं होतं. त्यात काही नव्हतं.

अस्लमचं लग्न गडचांदूरच्या नसीमशी झालं. शांत पोरगी. सासऱ्याने उरवलेल्या पोळीच्या कडा पाहून पहिल्या दिवशी रडली, तिला वाटलं पोळ्या कच्च्या राहिल्या. वर्ष होतं न होतं तोच अस्लम सिरोंच्याकडे एका लग्नाचे फोटो काढायला गेला. वरात नदीपलीकडे नावेने जात होती. नाव उलटली. काही लोक पोहून निघाले, काही प्रेतं सापडली. अस्लमच्या कॅमेऱ्याची पेटी सापडली. अस्लम नाही सापडला.

याकूबभाऊ नदीकाठी जाऊन राहिला. खाली तेलंगणाच्या बाजूच्या गावांपर्यंत गेला. तिकडची भाषा येत नाही, म्हणून पोराचा फोटो दाखवत फिरला. परत आला तेव्हा मी विचारलं, "का म्हणतेत?" तो म्हणाला, "भाषा नाई समजत, बाई." मान हलवलेली तर कोणत्याही भाषेत समजते.

दोन पावसाळे गेले. नसीम माझ्याकडे दळण घेऊन यायची, पीठ गार होईपर्यंत डबा उघडा ठेवून उभी राहायची. ना विधवा ना सवाशीण. हातात बांगड्या होत्या, पण वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत सरकवलेल्या. तिचा बाप हमीद सिमेंटच्या ट्रकांचा मेकॅनिक, भला माणूस. तिला न्यायला आला. तिच्यासाठी एक स्थळ होतं, बायको वारलेला, दोन लहान पोरं असलेला. नसीम तयार होती. पण मौलवीसाहेब म्हणाले, मुलाच्या बापाने मुलगा गेला हे कबूल करावं, मग पुढचं पाहू.

याकूबभाऊ कबूल करेना. ओट्यावर बसून चुन्याच्या पट्टीकडे पाहत राहिला. हमीद माझ्या चक्कीत येऊन बसला. बसून बसून पुन्हा बाहेर गेला आणि हात जोडून म्हणाला, "समधीसाब, तोंडानं नका बोलू. पट्टी लावून द्या. तुमची पट्टी पाह्यली का आमचे लोक समजून जातीन."

याकूबभाऊ उठून आत गेला आणि दार लावलं.

मी मागच्या दारातून गेले. मला गोड बोलता येत नाही. "सगळ्या जिल्ह्याच्या पोरायले काळी पट्टी देल्ली तू. माह्या नवऱ्याले देताना मले इचारलं होतं का? तुह्याच पोराच्या येळी हात काऊन मागं घेऊन राह्यला?"

"तो सापडला नाई, बाई."

"ते मले ठाऊक आहे. ही पोरगी तं सापडली आहे ना? तिले कायले पात्याखाली दाबून ठेवतोस?"

तो माझ्याकडे असा पाहायला लागला की मला वाटलं आता अंगावर येतो. "जा, बाई," एवढंच म्हणाला. मी गेले. नसीम अंगणात बकरीजवळ बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चक्की भरात होती. मिरच्यांच्या दिवसांत बायकांची रांग असते. आणि भिंत ठोकली गेली.

मी चक्की बंद केली. बायका म्हणाल्या, "का झालं व शेवंताबाई?" मी म्हटलं, "थांबा." सगळ्या शिंकत उभ्या राहिल्या. पुन्हा ठोकलं, मी चक्की सुरू केली. पट्टा जरा फिरला नाही तोच परत ठोकलं. परत बंद. ही दुसरी वेळ फार लांबली. एक बाई कुरकुरली तर मी तिचा डबा उचलून रस्त्यावर ठेवला.

दुपारी हमीद आणि नसीम एसटीला निघाले. नसीमच्या हातात पाकीट. तिने ते मला दाखवलं. अस्लम हसत होता, दाढी नीट न फुटलेला, जुन्या निगेटिव्हवरचा. चारी बाजूंनी काळी पट्टी, एका बिडीची, तसूभर कमी-जास्त नाही. पोरीने माझे पाय धरले. मी म्हटलं, "जा. एसटी चुकन." याकूबभाऊने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या फडक्यात पोळ्या बांधलेल्या होत्या, सासऱ्याने स्वतः केलेल्या. कडा जळालेल्या.

गाडी गेली. तो आत गेला, मीही मागून गेले. दारालगतच्या भिंतीवर तो खिळा ठोकत होता. दुसरा फोटो. तोच अस्लम, तसाच हसणारा. वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी, एका अंगाला काळी पट्टी. दरवाज्याकडच्या अंगाला काहीच नाही. पोराचा खांदा कागदाच्या कडेपर्यंत येऊन तसाच तुटलेला.

"पातं सरकलं का रे?" मी विचारलं.

"सरकलं नाई, बाई. सरकवलं."

मौलवीसाहेब काय म्हणतील ते मी विचारलं नाही. पण जन्मभर ऐकलेलं वाक्य तोंडातून निघूनच गेलं.

"अरे, तिकडून सांडन ना तो."

त्याने फोटो हाताने थोडा सरळ केला. मग दार ढकलून पूर्ण उघडं केलं.

"सांडू द्या," तो म्हणाला. "तिकडून सांडला तं घरातच सांडन."

मी चक्कीवर परत आले. बायका मिरच्या घेऊन ताटकळत होत्या. बटण दाबायच्या आधी मी जरा वेळ भिंतीकडे कान देऊन उभी राहिले. मग सुरू केली.