चौथं शील आणि ब्राह्मीचा काढा

देवमनचं घोडं चौथ्या शीलावर अडत होतं. बुद्धपौर्णिमेला दर्यापूरच्या मंडपात पंचशील सांगायचा मान त्याला मिळाला होता. दीक्षा घेतल्यापासून त्याला हीच एक हौस होती. अक्षरओळख नसल्यानं सगळी मदार डोक्यावर, आणि डोकं तीन शीलं झाली की खुशाल बसकण मारायचं.

शेवटी त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, मोरोपंत वैद्यांना गाठलं.

"वयानं मेंदूला गंज चढतो, आतून दाह होतो," वैद्य म्हणाले. "ब्राह्मीचा काढा द्या. गंज थांबेल, दाह निवेल, पाठांतर टिकेल."

पंचफुला रोज सकाळी गूळ घालून काढा उकळायची, वाटी नवऱ्याच्या हाती द्यायची आणि पाण्याला जायची. पहिल्याच घोटाला देवमनचं तोंड वाकडं झालं. दुसऱ्या दिवसापासून ती गेली की तो खाकरायचा आणि वाटी मैनापुढं धरायचा. मैना ही त्यांची बकरी. गुळाच्या नादानं ती वाटी चाटूनपुसून लख्ख करायची.

"काढा पेले काय?"

"पेलो ना वो! वाटी पाय."

वाटी पाहून पंचफुला हरखायची. तरी चौथं शील काही येईना, म्हणून तिनं दोन वाट्या सुरू केल्या. मैना चांगलीच गुटगुटीत झाली.

पौर्णिमेला मंडप भरला. तीन शीलं झाली. चौथ्याला देवमन थांबला, घामाघूम झाला आणि सवयीनं खाकरला.

मंडपामागच्या त्यांच्या अंगणातून खुंट्यासकट दोर ओढत मैना धावत आली आणि त्याचे हात हुंगू लागली.

बायकांतून पंचफुला उठली. "अवो, खाकरल्याबराबर हे कावून आली? काढा कोन पेत होतं?"

देवमननं बुद्धाच्या तसबिरीकडं पाहिलं. त्याला फार लाज वाटली.

"मैना पेत होती," तो म्हणाला. "मी तुह्याशी खोटं बोललो. खोटं... अरे, खोटंच तं!"

"मुसावादा वेरमणी..." खोटं न बोलण्याचं, तेच चौथं शील! त्याचा आवाज मंडपाबाहेर गेला. पाचवं शील दारू न पिण्याचं. न पिणं तर तो कधीचा पाळत होता, तेही सरसर आलं.

वंदना संपल्यावर मोरोपंत खुशीत म्हणाले, "पाहिलं? काढ्याचा गुण आला!"

"आला ना वैद्यबुवा," पंचफुला मैनाचा दोर गुंडाळत म्हणाली. "पन बकरीच्या पोटातून आला."

दुसऱ्या दिवशी ती वाटी घेऊन देवमनसमोरच बसली. त्यानं डोळे मिटून काढा संपवला. मैना दारातून दिवसभर ओरडत होती.