व्याह्यांची कालवं

"आठ दिवस! फक्त आठ दिवस द्या मला!" बाल्दोने टेबलावर मूठ आपटली. "हे कालव आपल्या खाडीत कुणी आणलं, त्याचं नाव येत्या रविवारी याच टेबलावर ठेवतो. नाही ठेवलं तर अध्यक्षपद सोडलं!"

स्मोकविना गावाच्या कालववाल्यांच्या संघात टाळ्या पडल्या. टेबलावर ते कालव निमूट पडलं होतं. गावासमोरच्या या स्तोनच्या खाडीतलं अस्सल कालव कसं, गोल, चपटं, बशीसारखं असतं. हे लांबुडकं, खोलगट आणि कडेला कातरलेलं, एखाद्या झिजलेल्या चपलेसारखं. हे मूळचं पॅसिफिककडचं. उत्तरेला इस्त्रियात, लिमच्या खाडीत, त्याने बस्तान बसवल्याचं सगळ्यांना माहीत होतं. पण इथे? पणजोबांपासून एकच जात वाढवणाऱ्या स्मोकविनात? आणि हे बेणं वाढतं झपाट्याने, दोरावर जागा बळकावतं आणि मूळच्या कालवांच्या तोंडचा घास पळवतं!

स्प्लित शहराहून आलेल्या संशोधक यागोदाबाई मात्र शांत होत्या. "नावाचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी ठिकाणं शोधू या. जिथे सापडेल तिथलं कालव मला आणून द्या. मी त्याचं वय बघून नकाशावर टाचणी लावीन. लहानाला पांढरी, म्हाताऱ्याला लाल. लाल टाचण्यांची गर्दी जिथे होईल, तिथून हे पसरलं असं समजायचं."

"लावा, लावा टाचण्या," बाल्दो उदारपणे म्हणाला. "माणूस मला आत्ताच दिसतोय."

आणि त्याने सरळ स्त्येपोकडे पाहिलं.

स्त्येपो त्याचा शेजारी, आणि कामातला जोडीदार. पिल्लू-कालवं दोरावर सिमेंटने चिकटवायची, मग तो दोर पाण्यात सोडायचा, हा स्मोकविनाचा धंदा. बाल्दोने कालव धरायचं आणि स्त्येपोने थापीने सिमेंटचा गोळा बसवायचा, असं एकाच बाकावर तीस वर्षं चाललं होतं. या तीस वर्षांत दोघांनी एकमेकांना मूर्ख म्हटलं नाही असा दिवस गेला नव्हता. पण ते प्रेमाने.

"तुझ्या धक्क्याला परदेशी शिडाच्या होड्या बांधतोस ना? त्यांच्या बुडाला चिकटून आलंय हे!" बाल्दो म्हणाला. "रविवारी ठराव मांडतो. तुझा धक्का बंद!"

"अरे बाल्दो, त्या होडीवाल्यांकडून मला काय मिळतं?" स्त्येपो हळूच म्हणाला. "माझी बायको आने गेल्यापासून घरात कुणी बोलायला नाही. ती माणसं येतात, कॉफी पितात, चार वाईट विनोद सांगतात. तेवढंच."

"विनोद सांगतात आणि कालवं सोडून जातात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्त्येपो बाकापाशी आला, आपली थापी धुतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि घरी गेला. बाल्दोने कालवलेलं सिमेंट घमेल्यातच दगड झालं.

बाल्दोने त्याकडे पाहायचं टाळलं आणि तपासाला लागला. त्याने जाहीर केलं, परकं कालव आणणाऱ्याला दर नगामागे घरी गाळलेल्या, झाडपाला मुरवलेल्या दारूचा एक प्याला! झालं! स्मोकविनात अशी देशभक्ती कुणी पाहिली नव्हती. बाप्तिस्म्यानंतर ज्यांच्या अंगाला समुद्र लागला नव्हता तेसुद्धा मार्चच्या गार पाण्यात उतरले. म्हातारा फ्रानो दुपारपर्यंत सात कालवं घेऊन आला, आणि आठवं कुठे सापडलं हे त्याला काही केल्या सांगता येईना. "पाण्यात!" एवढंच तो ठासून सांगत होता. खुद्द बाल्दोनेही आपल्या शिडीवरून एक कालव खरवडून दिलं, कारण अध्यक्षाने मागे राहून कसं चालेल?

यागोदाबाई प्रत्येक कालव निरखायच्या, मोजायच्या आणि टाचणी लावायच्या.

शुक्रवारी दुपारी बाल्दो संघाच्या खोलीत एकटाच गेला. किल्ली अध्यक्षाकडेच असते. गुन्हेगाराचा धक्का कसा लालभडक झालाय ते डोळे भरून बघावं म्हणून तो नकाशासमोर उभा राहिला.

स्त्येपोच्या धक्क्याला एकच टाचणी होती. पांढरी.

लाल टाचण्यांची गर्दी जवळच, शेजारच्या धक्क्याला झाली होती. तो धक्का बाल्दोचा होता.

आणि बाल्दोला व्याही आठवले.

लेक पावला चार वर्षांपूर्वी लग्न होऊन इस्त्रियात गेली. तेव्हापासून तिचे सासरे, झ्वाने, दरवर्षी संत जोसेफच्या सणाला आवर्जून यायचे, आणि येताना स्वतःच्या खाडीतली दोन डझन जिवंत कालवं घेऊन यायचे. लिमची! आता स्मोकविनाच्या माणसाने परक्या खाडीचं कालव खायचं? जीभ झडेल! बरं, व्याह्यांची भेट नाकारावी तर लेकीच्या सासरचा मामला. शेजाऱ्यांना वाटावीत तर बाल्दोच्या घरात लिमचा माल येतो, हे गावभर होणार. खाण्याची वस्तू उकिरड्यावर टाकायची तर पाप. म्हणून व्याही जेवून घोरायला लागले की बाल्दो धक्क्यावर जायचा आणि पिशवी अलगद पाण्यात रिकामी करायचा. "पाद्रीबाबांना देऊन आलो, गरिबांच्या पोटात जाईल," असं बायकोला सांगायचा. व्याह्यांना म्हणायचा, "अहाहा! असली कालवं जन्मात खाल्ली नाहीत!" यात निदान खोटं काही नव्हतं. पण कौतुक ऐकून व्याही पुढच्या वर्षी दोनाची तीन डझन आणायचे!

तरीही बाल्दोला कधी काळजी वाटली नव्हती. आपलं पाणी परक्याला धार्जिणं नाही, यावर त्याची गाढ श्रद्धा होती. पाणी मात्र श्रद्धाळू निघालं नाही.

आता काय करायचं? सांगून टाकावं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. पण मग अध्यक्षपद, आजोबांचं नाव, बाजारातली ताठ मान! त्याने दाराकडे पाहिलं. चार लाल टाचण्या उपटल्या आणि स्त्येपोच्या धक्क्याला खोचल्या. घरी जाताना वाटेवर तो वाळलेल्या सिमेंटचा बाक लागला, तेव्हा त्याची त्यालाच इतकी शरम वाटली की तो लांबच्या रस्त्याने गेला.

रविवारी सभेला सगळं गाव लोटलं. स्त्येपो शेवटच्या रांगेत, टोपी मांडीवर घेऊन बसला होता. ठराव वाचायला बाल्दो उठणार, तेवढ्यात यागोदाबाई म्हणाल्या, "एक शेवटचा प्रश्न. गेल्या चार-पाच वर्षांत बाहेरची जिवंत कालवं कुणी गावात आणली आहेत का?"

"छे! शक्यच नाही!" सगळे एका सुरात म्हणाले. बाल्दोचा आवाज सर्वांत मोठा होता.

"आमच्याकडे येतात की," बायकांच्या रांगेतून मादे, बाल्दोची बायको, म्हणाली. "आमचे व्याही दरवर्षी आणतात. पण त्यांची काळजी नको हो, ती सगळी पाद्रीबाबा खातात."

पाद्रीबाबा दचकून उठले. "मी? अगं बाई, कालवाच्या नुसत्या वासाने माझ्या अंगावर गांधी उठतात! उभ्या जन्मात एक खाल्लं नाही मी!"

"मग दरवर्षी यांनी नेऊन दिली ती?"

मादे वळली. सगळी सभा वळली. बाल्दो खिशात रुमाल शोधत होता.

"बाल्दोभाऊ," यागोदाबाई सौम्यपणे म्हणाल्या, "शुक्रवारी चार टाचण्या आपल्या पायांनी स्त्येपोंच्या धक्क्यावर गेल्या. पण प्रत्येक टाचणीला मी नंबर दिलाय. त्यातली तेवीस नंबरची तर तुमच्याच शिडीवरची. तुम्हीच आणून दिलीत."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाल्दोने सगळं सांगितलं, अगदी पिशवी झटकण्यासकट. मग तो शेवटच्या रांगेपाशी गेला. "स्त्येपो, मी नीचपणा केला," तो म्हणाला. "तुझा धक्का बंद करायला निघालो होतो, आणि तोही माझ्या पापासाठी. मला माफ कर."

स्त्येपोने टोपी दोनदा फिरवली.

"काही म्हणा," तो सभेला म्हणाला, "बाल्दो शब्दाचा पक्का! आठव्या दिवशी नाव टेबलावर ठेवलंच की!"

सभा खो खो हसली. अध्यक्षपदही त्याच हशात वाहून गेलं. बाल्दोच्या धक्क्याखालची प्रत्येक परकी चप्पल त्यानेच खरवडायची, असं ठरलं. आणि बाहेरचं एकही जिवंत कालव यापुढे गावात येणार नाही.

"पण परवा जोसेफचा सण आहे," मादे कळवळून म्हणाली. "व्याही तर निघालेसुद्धा असतील!"

सणाच्या दुपारी व्याही झ्वाने आलेच, चार डझन घेऊन. भरल्या घरात पाहुण्याला भेट परत ने म्हणून कोण सांगणार? मग एकच मार्ग उरला, सगळी खाऊन संपवायची. टेबलाशी बाल्दो बसला, आणि समोर स्त्येपो, संघाचा निरीक्षक म्हणून. रिकामे शिंपले झाकणाच्या बादलीत टाकायचे आणि बादलीवर स्त्येपोने बसायचं.

बाल्दोने डोळे मिटले, पूर्वजांची मनात क्षमा मागितली आणि पहिलं कालव गिळलं. लिंबू पिळून दुसरं खाल्लं. तिसऱ्याला लिंबू विसरला. दहाव्याला स्त्येपोने हळूच विचारलं, "कसं लागतंय रे?"

"सुमार," बाल्दो म्हणाला आणि अकरावं उचललं.

स्त्येपोनेही एक चाखलं. बराच वेळ विचार केला. "अगदीच सुमार," तो म्हणाला आणि ताट आपल्याकडे ओढलं. त्यावरून दोघांनी एकमेकांना मूर्ख म्हटलं, आठवड्याभरात पहिल्यांदाच. बाल्दोला इतकं बरं वाटलं की त्याने अर्धं ताट त्याला देऊन टाकलं.

ताट रिकामं झालं तेव्हा व्याह्यांचा चेहरा समाधानाने फुलला होता. "काय व्याहीबुवा, नेहमीसारखीच आवडली ना?"

बाल्दोने दाराकडे पाहिलं, मादेकडे पाहिलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा व्याह्यांशी मनातलं खरं बोलला.

"आवडली," तो पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते.

बादलीवर बसलेल्या स्त्येपोने मोठा सुस्कारा सोडला. "पाण्यात टाकलीस, ते गावाने पोटात घातलं," तो बाल्दोकडे झुकून कुजबुजला. "पण लिमची आवडली, हे मात्र सभेपुढे ठेवावं लागेल, बाल्दो!"