रिकाम्या रानांचे फोटो

म्हादूआप्पा रोज सकाळी सायकल काढतात, कुठल्यातरी रिकाम्या रानापुढे उतरतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि जागच्या जागी आमच्या पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर टाकतात. फोटोत माणूस नाही, देऊळ नाही. नुसती ढेकळं, फार तर एखादी बाभळ. खाली दोन शब्द, ‘हितं हाय.’

आमच्या कारेगावाकडे कंपन्या आल्यापासून मोकळी जमीन दिसली की माणसाला एकच सुचतं, प्लॉट. पहिल्याच फोटोखाली प्रश्न आला, ‘एन.ए. आहे का?’ दुसऱ्यानं विचारलं, ‘गुंठा कसा?’ कुरकुंभचे एक पाहुणे तर टोकन द्यायला निघाले. आप्पांनी त्यांना उत्तर धाडलं, ‘इकायला तुमच्या बापाचं हाय का?’

माणूस पहिल्यापासून आडवा. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद करा. आप्पा म्हणाले, “गुडघा माझा हाय, डॉक्टरचा न्हाई.” मुलानं स्कूटी घेऊन दिली, तिच्यावर कपडे वाळत असतात. मला हा आडवेपणा मनापासून आवडतो. सगळेच शहाण्यासारखे वागायला लागले तर गावात राहायचं कशाला?

ॲडमिन सोपान, आप्पांचा पुतण्या, शेवटी वैतागला. ‘ग्रुपवर प्लॉटिंग बंद’ असा त्यानं नियम काढला. आप्पांनी लगेच आणखी फोटो टाकले. सोपाननं त्यांना ग्रुपमधून काढलं.

आप्पा तणतणत माझ्या दारात. “सोप्याला सांग, मला परत घे. माफी मागणार न्हाई आन् फोटू बी थांबणार न्हाईत!”

“आप्पा, मला पाठवत जा की. मी बघीन.”

“तुला दाखवायला कोण काढतंय?”

त्याच आठवड्यात आमच्या घरच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी पाटसला गेलो. आप्पांची थोरली बहीण हिराअक्का तिथं दिलेली. बहीणभावांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. दोघांनी लहानपणापासून रानोरान फिरवून राखलेली मेंढरं कंपनीत नोकरी लागल्यावर आप्पांनी अक्काला न विचारता विकली. तिच्या लेखी त्यांनी घरची लेकरंच विकली होती.

अक्का सुनेचा मोबाइल घेऊन बसली होती. ग्रुपवरचे जुने फोटो बोटानं सरकवत होती.

“ह्या रानात खतासाठी मेंढरं बसवली व्हती. हितं काळी मेंढी व्याली. आन् हितं, गारा पडल्या तवा, आमी दोघं एकाच घोंगड्यात.” मग तिनं मला विचारलं, “फोटू का येईनात रं?”

मी सोपानचा नियम सांगितला. अक्का भडकली. “फोन लाव सोप्याला! म्हणावं, भांडान आमचं हाय. तू कोण त्याला भाईर काढणारा?”

सोपाननं निमूट आप्पांना परत घेतलं.

“आता आप्पांना लावू?” मी विचारलं.

“मी न्हाई बोलायची त्याच्याशी.” ती परत फोटो सरकवायला लागली. मग म्हणाली, “एवढंच सांग त्याला, दौंडाकडचं नदीकाठचं रान राह्यलं.”

संध्याकाळी आप्पा अंगणात सायकलच्या चेनला तेल घालत होते. मी निरोप सांगितला. मला वाटलं, काहीतरी खवचट ऐकावं लागणार. पण आप्पांनी तेलाचा डबा खाली ठेवला.

“काय म्हणली?”

मी सांगितलं.

त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

“परत एकदा सांग.”