बेचाळिसावा हशा

चार वाजताचा खेळ संपला तेव्हा सिडनी पर्लमटरच्या हिशेबात एक हशा जास्त निघाला.

'हॅलिगनांचं घर' ही मालिका तो अकरा वर्षं बसवत होता. सोमवारी संहिता हातात आली की जिथे प्रेक्षक हसणार तिथे समासात लाल खूण करायची आणि शुक्रवारी खेळ झाला की खरोखर आलेल्या हशाला हिरवी, ही त्याची पद्धत. शुक्रवारी एकच भाग दोनदा चित्रित व्हायचा, चारला एका प्रेक्षकवर्गापुढे आणि सातला दुसऱ्या. जे चांगलं उतरेल ते ठेवायचं. हशा कमी आला तर सिड समजू शकत असे, जगात मठ्ठ लोक असतातच. पण आज लाल खुणा एकेचाळीस आणि हशे बेचाळीस. न मागितलेली वस्तू घरपोच आली की शहाणा माणूस आधी घाबरतो.

जास्तीचा हशा सापडला तो चौदाव्या पानावर. हॅलिगनांची मोलकरीण उकडलेल्या बटाट्यांचं भांडं आणते, टेबलावर ठेवते आणि म्हणते, "खाऊन घ्या. थंड होतंय." बस. यावर दोनशे माणसं नऊ सेकंद हसली होती.

मोलकरणीचं काम थेल्मा ग्रीली करायची. वय एकसष्ट, या भागात वाक्यं दोन. चॅनेलच्या डग्लस प्रायरनं परवाच फोनवर सांगितलं होतं, "त्या बाईंना हशा येत नाही, सिड. शुक्रवारी सातच्या खेळाला मी स्वतः येतोय. तेव्हाही नाही आला, तर पुढच्या महिन्यापासून हॅलिगनांनी आपापली भांडी घासावीत." थेल्माला हे ठाऊक होतं. म्हणून ती आज भांडं जरा जास्तच काळजीपूर्वक ठेवत होती.

दोन खेळांच्या मध्ये सँडविच खाता खाता सिडनं सगळ्यांना विचारलं.

"तिथे मी विनोद पेरलाय," लेखक हर्ब झिमेट म्हणाला.

"कुठे? मला तर दिसत नाही."

"खोलवर पेरलाय."

"थेल्मा, तू काही वेगळं केलंस का?"

"बटाटे ठेवले आणि म्हटलं खा. यात वेगळं करायला जागा कुठेय?" थेल्मानं सँडविच तसंच खाली ठेवलं. "सिड, सातला येईल ना रे तो हशा परत?"

हर्बला भांडं मोठं हवं होतं, कपडेपटाला एप्रन ठिपक्यांचा हवा होता. सिडनं सगळ्यांना दम दिला. "कुणी कशालाही हात लावायचा नाही. जमिनीवरच्या पट्ट्यासुद्धा हलवायच्या नाहीत." नटांनी कुठे उभं राहायचं यासाठी जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या असत, बाप निळा, आई लाल, थेल्मा पिवळी. "सातला मी वर काचेच्या खोलीत बसतो. चारही कॅमेऱ्यांची चित्रं एकदम दिसली की चोर सापडेल."

अकरा वर्षांत सिड चित्रण चालू असताना प्रथमच वर गेला. एरवी त्याची जागा खाली, दोन नंबरच्या कॅमेऱ्यामागे.

सातचा खेळ झकास चालला. प्रायर दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. चौदावं पान आलं. थेल्मानं भांडं ठेवलं. "खाऊन घ्या. थंड होतंय."

शांतता. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

पण काचेच्या खोलीत खुदकन हसू आलं. हातात घड्याळ घेऊन वेळ मोजणारी जोआन तोंडावर हात दाबून बसली होती.

"काय झालं? काय दिसलं तुला?" सिड तिच्या पडद्यावर वाकला.

"तुम्ही."

"मी काय?"

"हात बघा."

सिडनं बघितलं. त्याचे दोन्ही हात कमरेखाली, नसलेल्या एप्रनला पुसले जात होते.

"हे मी... नेहमी करतो?"

"सगळ्यांची कामं करता. तिसऱ्या वर्षी मिसेस हॅलिगनबरोबर तुम्हीही बाळंत झाला होतात. कॅमेरावाला रडला होता."

"मग कुणी बोललं का नाही मला?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

आता हिशेब जुळला. या आठवड्यात स्वयंपाकघराचं दार डावीकडे सरकवलं होतं, म्हणून दोन नंबरचा कॅमेराही सरकला होता. त्यामागे लपणारा सिड चारच्या खेळात भर उजेडात उभा होता. टक्कल पडलेला, जाकीट घातलेला, सुतकी चेहऱ्याचा माणूस मायेनं एप्रनला हात पुसत होता, आणि दोनशे माणसं ते बघत होती.

तो जिना उतरून धावला. खेळ संपल्यावर फसलेला प्रवेश प्रेक्षकांना बसवून पुन्हा घेता येत असे. "भांडं कॅमेऱ्यात चमकलं," असं त्यानं ठोकून दिलं आणि कॅमेऱ्याशेजारी जाऊन उभा राहिला. थेल्मानं भांडं आणलं. सिडनं हात पुसले. पण आता ते हात त्याचे नव्हतेच, लाकडाचे होते.

पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, "त्यांना काही होतंय का हो?"

प्रायरनं घड्याळ बघितलं.

"पुन्हा घेऊ," सिड म्हणाला. थेल्मा त्याच्याजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "हे काय चाललंय तुझं?"

"तुझं काम करतोय."

"घाण करतोयस."

"माहितेय."

"अरे, एप्रनला असे हात पुसतात होय? जन्मात कधी भांडं घासलंयस? आता माझ्याकडे नीट बघ."

मंचव्यवस्थापक ओटोनं इशारा दिला. थेल्मा भांडं घेऊन आली, ठेवलं, म्हणाली, "खाऊन घ्या. थंड होतंय." मग कॅमेऱ्यावरून थेट सिडकडे रोखून बघत, एखाद्या ढ पोराला शिकवावं तसे सावकाश हात पुसले. आधी तळवे. मग उलटे. मग एकेक बोट. सिड इतका मन लावून शिकत होता की आपण कोण, कुठे उभे आहोत हे विसरला. त्यानंही तळवे पुसले. मग उलटे. मग एकेक बोट.

वर जोआनच्या घड्याळात तो हशा अकरा सेकंद भरला. चित्रात मात्र एकटी थेल्मा होती.

प्रायर डोळे पुसत खाली आला. "बाई राहू द्या. तिच्यात काहीतरी आहे. नेमकं काय ते सांगता येत नाही."

"शोधायला जाऊ नका," सिड म्हणाला. "माझा अख्खा दिवस गेला त्यात."

चौदाव्या पानावर त्यानं हिरवी खूण केली आणि पुढे लिहिलं: थेल्मा.

पुढच्या शुक्रवारी तो खाली आला तेव्हा दोन नंबरच्या कॅमेऱ्याच्या बाजूला, भर उजेडात, जमिनीवर नवी पांढरी चिकटपट्टी होती.

"ही कुणाची?"

"तुमची," ओटो कागदातून डोकं वर न काढता म्हणाला. "या भागात थेल्माबाई इस्त्री करतात."

सिडनं इकडेतिकडे बघितलं. मग बाह्या सारख्या केल्या आणि पट्टीवर जाऊन उभा राहिला.