ग्रोसूर सफरचंदाच्या चोथ्यावरील मोहीम

मौजे टोर्पेबी, प्रांत ओस्टरलेन, दक्षिण स्वीडन, येथील रसघाणीच्या अंगणात ऑक्टोबरमधील शनिवारी सकाळी जे हजर होते, त्याची गणती येणेप्रमाणे: फळे दाबण्याचे यंत्र एक, सफरचंदांच्या पेट्या छप्पन्न, पैकी ग्रोसूर जातीच्या चार, नारिंगी टोप्या घातलेले शिकारी पाच, त्यांच्या गाड्यांस जोडलेल्या ट्रॉल्या दोन, दोन्ही रिकाम्या, कॉफीचे थर्मास तीन, वेलदोड्याचा केक एक, तुकडे बारा, कुत्रा एक, सुक्या बर्फाची पेटी एक, आणि तीवर बसलेल्या अन्नरसायनशास्त्रज्ञ तिल्डाबाई ब्रोमान, वय अठ्ठावीस.

फळाचा रस सर्वांस दिसतो, चोथ्याचा पराक्रम कोणास दिसत नाही. राजे, सरदार, गृहिणी, तमाम खलक रस पिऊन तृप्त होते आणि चोथा उकिरड्यावर जातो. परंतु ज्यास ईश्वर बुद्धी देतो त्यास उकिरडाही जवाहीरखाना दिसतो. तैशी बुद्धी तिल्डाबाईंस जाहली होती. विद्यापीठाच्या चाकरीत राहोन त्यांनी तीन वर्षे बीटाची साल, बार्लीचे फोलपट, गाजराची शेंडी यांवर मोहिमा केल्या, आणि मग त्यांस ग्रोसूरचा शोध लागला.

ग्रोसूर म्हणजे राखट आंबट. झाड त्या प्रांती एकच उरलेले, देवळामागे, एका कुशीवर कललेले, आणि स्वभावाने लहरी. एक वर्ष फळे, दुसरे वर्ष विश्रांती, ऐसा त्याचा रिवाज. फळ तोंडी लावता जीभ आखडते. परंतु त्याच्या सालीत आणि बियांत फ्लोरिझिन नामे कडू द्रव्य मातब्बर, जे आतड्यात साखरेच्या वाटेवर चौकी बसविते आणि वाटसरूंस मागे फिरविते. ते चोथ्यातून शुद्ध काढून, तीन वेळा मोजून, तिन्ही वेळा सारखे आले तरच शास्त्रात ग्राह्य. त्यास अठरा किलो चोथा पाहिजे. आणि कोरड्या चोथ्याच्या दर ग्रॅमास एक मिलिग्रॅमहून कमी भरल्यास सर्व श्रम वाया. पुढील वर्षी झाड विश्रांती घेणार, आणि तिल्डाबाईंची चाकरी तर वसंतातच संपणार. सबब जे काय व्हावयाचे ते आजच.

शत्रू दोन होते. पहिला घरभेदी. सफरचंदाच्याच पेशीत एक विकर वतन खाऊन गुमान राहते, आणि फळ चिरडले, हवा लागली, की मालकाच्याच खजिन्यास आग लावते. चोथा आधी पिवळट, मग चहासारखा, मग शिकाऱ्याच्या बुटासारखा होतो. त्यावर उपाय एक, तत्काळ बर्फ.

दुसरा शत्रू म्हणजे नारिंगी टोपीधारी, रानडुकरांचे काळ, शिकारपथकाचे सरलष्कर योस्टा हुल्टमार्क, वय एकाहत्तर. घाणीचा तमाम चोथा दरसाल पथकाने न्यावा, रानात पसरावा, डुकरे जमवावी आणि मचाणावरून बार काढावा, ऐसा हक्क पथकाकडे पूर्वापार चालत आला होता. घाणीच्या सर्वाधिकारी गुनवॉरबाई यांनीही तो बहाल ठेवला होता. (त्या मुलखी थोरांसही नावाने आणि अरेतुरे हाक मारण्याची चाल आहे, बखरीस ते शोभत नाही, म्हणोन किताब पदरचे घातले.)

आता मोहिमेतील मूळ चूक सांगणे प्राप्त आहे. जूनमध्ये तिल्डाबाईंनी सरलष्करांस फोन केला. बोलावयाचे होते की, चोथा दरोबस्त पाहिजे. परंतु त्या देशी मागणे म्हणजे निर्लज्जपणा आणि संपूर्ण मागणे म्हणजे फितुरी, ऐसे बाळकडू. सबब मुखातून निघाले ते ऐसे:

“योस्टा, अगदी थोडासा चोथा मिळाला असता तर... म्हणजे अडचण असेल तर राहू दे हं.”

“थोडासा ना? मिळेल की!”

येणेप्रमाणे युद्धापूर्वीच तीन चतुर्थांश मुलूख गमावला.

असो. शनिवारी पहिल्या प्रहरी यंत्रातील रबरी पिशवी पाण्याने फुगली, फळे दबली, धारा लागल्या, आणि ग्रोसूरच्या चार पेट्यांतून चोवीस किलो चोथा निघाला, चार बादल्या, फिकट हिरवा, ओलाकंच. सरलष्कर पुढे आले आणि वचनास जागून एक बादली उचलोन तिल्डाबाईंपुढे ठेविली.

“हा घे तुझा थोडासा.”

“अरे वा, केवढा दिलास!” म्हणोन तिल्डाबाईंनी हसतमुखे सहा किलो चोथा तत्क्षणी बर्फात गाडला आणि मनोमन हिशेब केला. बारा किलो कमी.

आता तीन बादल्या उन्हात उभ्या. पथकाने त्या उचलोन ट्रॉलीत टाकाव्या तर किस्सा संपता. परंतु सरलष्करांनी पाहिले की बाईंची नजर बादल्यांवरून हलत नाही. शेवटचे पाहुण्याच्या डोळ्यांदेखत न्यावे हेही त्या देशी मोठे पातक. तेव्हा ते म्हणाले, “तुला अजून हवा असेल तर घे बाई.”

“नको नको! तुमच्या डुकरांचं काय मग?”

“डुकरांचं काय एवढं! घे तू.”

“नाही रे, तूच घे. माझं झालं की.”

ऐसे बाण सुटले आणि दोहों बाजूंनी परतवले. कोणी बादलीस हात लावेना. इतक्यात गुनवॉरबाईंचा हुकूम सुटला की कॉफी तयार आहे आणि कॉफी सोडून कोणी जाणे नाही. मग उभय फौजा मेजाभोवती बसल्या, आणि बादल्या मागे राहिल्या.

केकाचे अकरा तुकडे एका बैठकीत कामास आले. बाराव्याशी सर्व थबकले. शेवटचा तुकडा घेणारा मनुष्य त्या मुलखी अद्याप जन्मास यायचा होता. मग एका शिकाऱ्याने सुरी घेऊन तुकड्याचे अर्धे केले आणि अर्धेच घेतले. दुसऱ्याने उरल्या अर्ध्याचे अर्धे केले. तिसऱ्याने त्याचेही अर्धे केले आणि ताटली पुढे सरकविली. मग तुकडा ऐसा पातळ जाहला की पलीकडची किटली दिसू लागली.

“तिल्डा, तू घे ना तेवढा,” गुनवॉरबाई बोलल्या.

“छे, कुणीतरी घ्या. मी दोन खाल्ले.”

“कसले दोन? एकच खाल्लास, मी बघत होते,” ऐसे बोलोन त्यांनी तिल्डाबाईंचा तट पाडला.

तिल्डाबाईंनी मान वळवोन पाहिले. मागील तीन बादल्यांत हिरव्याचा मागमूस नव्हता. वरच्या थराचा चहा जाहला होता. घरभेदी आत शिरोन खजिना लुटीत होता आणि त्याच्या दाराशी सात भली माणसे एकमेकांस ‘तू घे, तू घे’ करीत बसली होती. तिल्डाबाईंस झाड दिसले, वसंत दिसला, रिकामी परीक्षानळी दिसली. अंतःकरणात मोठी खलबते जाहली; आईचा उपदेश एका बाजूस, शास्त्र दुसऱ्या बाजूस. आणि मग त्यांनी जे केले ते त्या प्रांतात पूर्वी कोणी केले ऐसे ऐकिवात नाही. हात लांबविला, ताटलीतला शेवटचा तुकडा उचलला, आणि सर्वांसमक्ष खाल्ला.

पाचही नारिंगी टोप्या एकदम तिकडे वळल्या. कुत्र्यानेही शेपूट थांबविले.

तोंडात केक असतानाच तिल्डाबाई उभ्या राहिल्या आणि बोलल्या, “योस्टा, मला थोडासा नकोय. मला सगळा हवाय. त्या तिन्ही बादल्या. आत्ता!”

सरलष्करांनी टोपी काढिली, डोके खाजविले, टोपी पुन्हा घातली.

“मग जूनमध्येच का नाही बोललीस, पोरी?”

“तू थोडासा म्हणालास.”

“तू म्हणालीस थोडासा! मी म्हटलं, शिकलेली मुलगी आहे, मोजूनच बोलली असेल. डुकरांना काय गं, ती माझे जुने बूटसुद्धा खातील. हा आंबट ढीग तर ती नाक मुरडूनच खातात.”

“म्हणजे तुला नकोच होता?”

“नको कसं म्हणणार? गुनवॉर दरवर्षी इतक्या प्रेमाने भरून ठेवते!”

“मी प्रेमाने नाही ठेवत, मला तो फेकायला गाडी नाही म्हणून ठेवते,” गुनवॉरबाई गरजल्या. “उचला आता! मला घाणी धुवायची आहे.”

तेव्हा उभय फौजा एक जाहल्या. पाचही शिकारी बादल्यांवर तुटून पडले, एकाने पेटीचे झाकण धरिले, एकाने फावडे मारिले, सरलष्करांनी स्वतः हातमोजे चढवून चोथा बर्फात दाबला आणि चटका बसता मोठ्याने शिवी दिली. तिल्डाबाईंनी पहिल्या बादलीचा चोथा एका कप्प्यात आणि मागल्या तिन्हींचा दुसऱ्यात निराळा ठेवविला, कारण मिसळलेले सत्य मोजता येत नाही. मग अंगणातच तह जाहला. पुढे जी फळे गोड ती पथकाची. ग्रोसूर दरोबस्त विद्यापीठाचा. आणि यापुढे तिल्डाबाईंनी ‘थोडासा’ हा शब्द किलोंत सांगावा. सरलष्करांनी तो मान्य केला, गुनवॉरबाई साक्षीस राहिल्या, आणि दुसरा केक कापला गेला.

मग पेटी विद्यापीठी पोहोचली. चोथा वाळविला, दळला, अर्क काढिला, गाळला, यंत्रास दिला. तीन वेळा मोजिले, तिन्ही वेळा जवळपास सारखे आले. येणेप्रमाणे ग्रोसूर सर जाहल्याची नोंद:

तत्काळ गोठविलेल्या चोथ्यात फ्लोरिझिन, दर कोरड्या ग्रॅमास १.७१ मिलिग्रॅम. कॉफीनंतर गोठविलेल्या चोथ्यात १.०४.