सासरेबुवांची जीप उंच झाली

"गाडी अशी करून दाखवतो की बाबा असते तर त्यांनी हात जोडून किल्ली मागितली असती!" असं नानांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा त्यांच्या एका हातात पान्हा होता आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या पान्ह्यानेच सोलून निघालं होतं.

नाना बत्तीस वर्षं इमारतींचे आराखडे काढून निवृत्त झाले होते. एक सूत इकडचं तिकडे झालं तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. सासरे जमीनमोजणीच्या खात्यात होते आणि याच जीपमधून त्यांनी उभी हयात डोंगर तुडवले होते. ते गेल्यावर गाडी सात वर्षं मेहुण्याच्या परसात ताडपत्रीखाली पडून होती. मेहुण्याने ती एकाच अटीवर दिली.

"नाना, आईला एकदा तिच्यात बसवून फिरवून आणायचं. तिची तेवढी एकच इच्छा आहे."

"एकदा? अरे, रोज फिरवीन!"

बायकोचं म्हणणं साधं होतं. "अहो, इंजिन चालू करा, ब्रेक बघा, बास. बाबांची गाडी आहे, तशीच राहू दे."

पहिले दोन महिने नानांनी तेवढंच केलं. गॅरेजमध्ये आडवे पडून गंज खरवडला, इंजिन उतरवलं, पुन्हा चढवलं, चार नट उरले ते गुपचूप खिशात घातले. एका सकाळी इंजिन सुरू झालं! ठसका लागलेल्या म्हाताऱ्यासारखं खोकत का होईना, पण झालं. नाना इथे थांबले असते तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. पण नेमका त्याच वेळी कोपऱ्यावरचा वेल्डर डोकावला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मान तिरकी केली.

"गाडी झकास आहे नाना. पण जरा बसकी वाटते."

बसकी! मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी नाक मुरडावं तसं नानांना झोंबलं. दुसऱ्याच दिवसापासून गाडी उभारी धरू लागली. चाकांवरचे स्प्रिंगचे जुने पाटे गेले, उंच आले. ट्रॅक्टरला शोभतील असे टायर आले. वर लोखंडी पाइपांचा भक्कम पिंजरा चढला. जे वाकडं दिसेल ते ग्राइंडरखाली जायचं, आणि ठिणग्या उडाल्या की नानांना दहा वर्षं तरुण झाल्यासारखं वाटायचं. कापलेल्या लोखंडाची दोन पोती भंगारवाला घेऊन गेला. बायको दारात उभी राहून बघायची आणि काही न बोलता आत जायची. तिचं गप्प राहणं म्हणजे कौतुकच, असं नाना धरून चालले.

मग तो रविवार उजाडला. अंगणात सासूबाईंना खुर्ची मांडली होती. त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाई ठेवणीतली साडी नेसून, पदर नीट करून बसल्या होत्या. मेहुणा, त्याची बायको, वेल्डर, आणि शेजारचे पैलवान, सगळे हजर! नानांनी गॅरेजचं दार उघडलं, रुबाबात आत चढले आणि गाडी पुढे घेतली.

खाड!

पिंजरा दारावरच्या काँक्रीटच्या तुळईला जाऊन भिडला होता. नानांनी गाडीचा प्रत्येक खिळा मोजला होता. दार तेवढं मोजायचं राहिलं होतं!

"चार बोटं जास्त झाली," वेल्डर अगदी वैद्याच्या गंभीरपणे म्हणाला. "टायरमधली हवा सोडा."

हवा सोडली. तीन बोटं गेली, एक उरलं.

"वजन घाला! सगळे बसा आत!"

मेहुणा चढला, त्याची बायको चढली, वेल्डर चढला. शेवटी पैलवान मागच्या फळीवर टेकले, तशी गाडीने म्हशीसारखी बैठक मारली. नानांनी इंचाइंचाने गाडी सरकवली. अर्धी गाडी उन्हात आली, टाळ्याही पडल्या. तेवढ्यात कुंपणापलीकडून पैलवानांच्या बायकोची हाक आली, "अहो, दूध उतू चाललंय!"

कुणाच्या बापाला न घाबरणारे पैलवान टुणकन खाली उतरले.

गाडी वर उसळली आणि पिंजरा तुळईत पाचरीसारखा घट्ट बसला. धक्क्याने हॉर्न अडकला तो थांबेचना! वेल्डर ओरडत होता, मेहुणा ओरडत होता, मेहुण्याची बायको दोघांना गप्प बसा म्हणून ओरडत होती, आणि कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. अखेर पैलवान दूध उतरवून परत आले आणि पुन्हा फळीवर बसले. तुळईचा पाटीभर गिलावा डोक्यावर घेऊन गाडी अंगणात आली. नानांनी वायर उपटली. शांतता झाली.

पांढऱ्या धुळीने माखलेले नाना सासूबाईंपुढे जाऊन हसले. "चला आई!"

सासूबाईंनी चष्मा पुसला. वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"छान आहे हो गाडी, जावईबापू. आणि ह्यांची कुठे ठेवलीत?"

कुणी हसलं नाही. वेल्डरसुद्धा नाही.

"आई, हीच ती," बायको हळूच म्हणाली.

सासूबाई उठल्या, गाडीपाशी गेल्या. गाडीचा तळ त्यांच्या कमरेला लागत होता. त्यांनी वाकून खाली पाहिलं. "इथे पायरी होती. माझे गुडघे दुखायचे म्हणून ह्यांनी लावून घेतली होती. वाकडीच बसली, पण पाय बरोबर पडायचा माझा."

नानांना ती वाकडी पट्टी चांगली आठवत होती. 'कुणा अडाण्याने जोडलीय ही!' असं म्हणून त्यांनीच ती हसत हसत कापली होती.

दुसऱ्या दिवशी ते भंगारवाल्याकडे गेले. "नाना, ते वितळून आता कुणाच्या तरी खिडकीचे गजही झाले असतील!" तो म्हणाला. तरी नानांनी तासभर त्याचा ढीग उपसला. मग घरी येऊन, जे आठ महिने चढवलं होतं ते उतरवायला बसले. या वेळी बायको आत गेली नाही. स्टुलावर बसून, बाबांच्या वेळी काय कुठे होतं ते सांगत राहिली. नवी पायरी नानांनी तीनदा जोडली आणि तीनदा काढली. ती दर वेळी सरळच बसत होती.

अखेर एका सकाळी सासूबाई गाडीत बसल्या. नानांनी अंड्यांची टोपली न्यावी तशी गाडी नेली. प्रत्येक खड्डा चुकवला.

"कसं वाटतंय, आई?"

"बरं आहे. पण ह्यांच्या गाडीत हाडं खिळखिळी व्हायची हो."

मागच्या सीटवरून बायकोने नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, खड्ड्यांतून घ्या."

नानांनी पहिला खड्डा घेतला, दुसरा घेतला. तिसरा तर एवढा मोठा होता की नानांची कवळी हलली. त्यांनी आशेने बाजूला पाहिलं.

सासूबाई समोर बघत होत्या. "तेवढं नाही," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, नानांची समजूत घातल्यासारखं, "पण तुम्ही प्रयत्न केलात हो."