पाणीखात्याच्या टाळ्या

“बदली पाहिजे ना तुला? मग ओरडायला लाग,” साहेब म्हणाले.

पाणीखात्याच्या तक्रार खिडकीवर बसणाऱ्या त्या कारकुनाला सगळं ऑफिस भोंगा म्हणायचं. खिडकीतून त्यानं “पुढचा!” म्हटलं की रांगेतला पुढचाच काय, समोरच्या बसस्टॉपवरचा माणूसही दचकून पुढे सरकायचा. लग्न झाल्यापासून बायको दुसऱ्या शहरात शाळेवर आणि हा इथे भाड्याच्या खोलीत. लेकीला बाप म्हणजे फोन वाटायचा. हा प्रत्यक्ष घरी गेला की ती आईच्या मागे लपायची आणि फोन वाजला की “बाबा” म्हणून धावायची. बदलीचे अर्ज करून करून भोंगा टेकीला आला होता. त्यामुळे साहेबांच्या तोंडून ‘बदली’ हा शब्द आपणहून बाहेर पडलेला ऐकून त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

भानगड अशी होती. देशात फुटबॉलची जागतिक स्पर्धा भरली होती. खेळात आपला तसा आनंदच होता, पण सरकारला खेळाशी काय करायचं होतं? सरकारला पाहुणे हवे होते. पाहुण्यांनी यावं, नवीकोरी मैदानं बघून तोंडात बोट घालावं, आणि एका बड्या जागतिक संस्थेचं मुख्यालय कुठे न्यायचं यावर मतदान होईल तेव्हा हात आपल्या बाजूनं वर करावा, एवढीच माफक अपेक्षा. मतदानात बलाढ्य देशाला एक मत आणि नकाशावर माशी बसल्यासारख्या दिसणाऱ्या देशालाही एकच मत. त्यामुळे चिमुकल्या देशांचा भाव अचानक वधारला होता. आता या चिमुकल्यांचे सामने बघायला कोण जाणार? टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर पाहुणे फुरंगटणार. म्हणून लहानमोठा न बघता सरसकट एकेका सरकारी खात्याला एकेक देश वाटून दिला. पाणीखात्याच्या वाट्याला एक बेटांचा देश आला. बेटाभोवती पाणी असतं, यापलीकडे त्यामागे काही विचार नव्हता.

समजावून सांगायला परराष्ट्र खात्याच्या एक बाई आल्या.

“त्यांचे राष्ट्राध्यक्ष स्वतः सामन्याला बसणारेत. आपण घरीच खेळतोय असं त्यांना वाटलं पाहिजे.”

“पण बाई, आम्हाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही,” वसुलीच्या मावशी म्हणाल्या.

“कळायचंय काय त्यात? त्यांनी गोल केला की ओरडायचं!”

“आणि ते कोण, हे कसं ओळखायचं?”

बाई उत्तर देणार तोच टंकलेखक काका मध्ये पडले. काकांनी तरुणपणी एकदा फुटबॉलचा सामना पाहिला होता, निदान त्याचा पहिला अर्धा भाग तरी. “ते माझ्यावर सोडा,” काका म्हणाले. “कपड्यांकडे बघायचंच नाही, आपल्या जागेवरून सगळ्या मुंग्याच दिसणार. उजवीकडच्या जाळीत चेंडू गेला, की गोल आपला. संपला विषय!”

बाईंना अजून तीन खात्यांत जायचं होतं. त्यांनी मान डोलावली आणि त्या गेल्या.

पहिल्या सामन्यात मध्यंतरापर्यंत काहीच घडलं नाही. मावशींनी आणलेले शेंगदाणे संपले. मग थोड्या वेळानं चेंडू उजवीकडच्या जाळीत गेला आणि भोंगा ताडकन उठला. “गोऽऽऽल!” त्याच्या मागोमाग अख्खं पाणीखातं उठलं. कुणी टोप्या उडवल्या, कुणी एकमेकांच्या गळ्यात पडलं. ज्या दोन अभियंत्यांचं वर्षभर बोलणं नव्हतं, तेसुद्धा.

“पण काका,” मावशींनी डोळे बारीक केले, “आपली पोरं डोकं धरून का बसलीत हो?”

“आनंद झेपला नसेल,” काका म्हणाले.

तेवढ्यात परराष्ट्र खात्याच्या बाई पायऱ्या चढून धापा टाकत आल्या. “अहो, काय केलंत हे! तो गोल त्यांच्यावर झालाय! मध्यंतरानंतर बाजू बदलतात!”

“नेहमी?” काकांनी विचारलं.

“नेहमी!”

“मग हे आधी सांगायला नको?” काका उलट बाईंवरच उखडले.

भोंग्यानं कपाळावर हात मारला. गेली बदली! राष्ट्राध्यक्षांनी तर बाईंना तिथल्या तिथे विचारलंही होतं, की आमच्यावर गोल झाल्याचा तुम्हाला एवढा आनंद का? बाई मुरलेल्या होत्या. त्यांनी ठोकून दिलं होतं, “ही आमची रीत आहे महाराज. पाहुणा पडला की आम्ही टाळ्या वाजवून त्याला उभं करतो.” यावर राष्ट्राध्यक्षांचे डोळे भरून आले होते म्हणे.

“तेव्हा आता यापुढे हेच करायचं,” बाई म्हणाल्या. “त्यांनी गोल खाल्ला की जल्लोष. एकसुद्धा चुकायचा नाही.”

दुसऱ्या सामन्यात बेटकरांनी इतके गोल खाल्ले की ओरडून ओरडून पाणीखात्याचाच घसा कोरडा पडला. पण परदेशी वार्ताहरांना हे दृश्य फार आवडलं. ‘जगातले सर्वांत दिलदार प्रेक्षक’ म्हणून भोंग्याचा आ वासलेला फोटो देशोदेशी झळकला. वीज खात्याकडे स्पर्धेतला सर्वांत तगडा संघ होता. तो भराभर जिंकत होता आणि वीज खात्याकडे कुत्रं बघत नव्हतं. शेवटी वरून हुकूम निघाला, की सर्व खात्यांनी हरणाऱ्याला टाळ्या कशा वाजवायच्या याचं शिक्षण पाणीखात्याकडून घ्यावं. काका शिकवायला जाऊ लागले.

“तुझी बदली झालीच म्हणून समज,” साहेबांनी भोंग्याच्या पाठीवर थाप मारली. “आता शेवटचा सामना तेवढा नीट पार पाड.”

शेवटच्या सामन्यात भलतंच झालं. बेटकरांनी गोल केला. त्यांच्या देशानं जागतिक स्पर्धेत केलेला तो पहिलावहिला गोल! मैदानातली अकरा पोरं वेड्यासारखी नाचत पाणीखात्याकडे धावत आली, आणि पाणीखातं चिडीचूप. गोल खाल्ला की टाळ्या वाजवायच्या, हे पाठ होतं. पण गोल केला तर काय करायचं, हे कुणीच सांगितलं नव्हतं. बाई कुठे दिसेनात. समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर त्या दगडासारख्या बसलेल्या रांगा दिसू लागल्या.

“काका, आता काय?” मावशी कुजबुजल्या. “उलटं करायचं का? रडायचं का?”

काका चष्मा पुसत बसले. भोंग्याला मात्र पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसला आणि त्या चेहऱ्यामागे आपली बदली पाण्यात जाताना दिसली. आईमागे लपलेली लेक आठवली. त्याला भडभडून आलं आणि त्यानं भोकाड पसरलं. भोंग्याचं भोकाड ते! पुढारी रडतोय म्हटल्यावर मावशींनी डोळ्याला रुमाल लावला, दोन्ही अभियंत्यांनी एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकली, आणि बघता बघता अख्खं खातं हमसून हमसून रडू लागलं. राष्ट्राध्यक्ष सुरक्षारक्षकांना बाजूला सारून वर आले, भोंग्याला कवटाळून म्हणाले, “माझ्या देशाच्या आनंदानं आजवर परका माणूस रडला नव्हता!” आणि स्वतःही रडले. हे सगळं थेट प्रक्षेपणात जगभर गेलं.

दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. टेबलावर चक्क बिस्किटं होती.

“अभिनंदन! बदली झाली.”

भोंग्यानं साहेबांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. “साहेब, कोणत्या वॉर्डात? बायकोच्या शाळेजवळ मिळाला तर…”

“वॉर्ड कसला? बेटावर! मैत्री अधिकारी, तीन वर्षं. त्यांनी मत द्यायला एकच अट घातलीय, की तो रडणारा माणूस आम्हाला द्या.”

“साहेब, मी बायकोजवळ मागितली होती हो!”

“अर्जात नुसतं ‘बदली’ म्हटलंयस तू. आणि हे बघ, देशाचा प्रश्न आहे.”

“निदान बायको-मुलीला तरी न्यायला…”

“तिथे खोली एकच आहे म्हणतात. घे, बिस्कीट घे.”

बायकोला कसं सांगायचं याचा विचार करत भोंगा घरी पोचला, तर खोलीचं कुलूप उघडं. आत दोन मोठ्या बॅगा, आणि त्यांच्या मधोमध बायको घामाघूम होऊन उभी. लेक त्याला बघून लपली नाही. “टीव्हीतले बाबा!” म्हणत थेट येऊन पायाला बिलगली.

“अहो, तुम्हाला चकित करायचं होतं,” बायको हसत म्हणाली. “टीव्हीवर तुमचं ते रडणं आमच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी बघितलं. मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, ‘इतक्या हळव्या माणसाला तुम्ही एकटं ठेवलंत?’ तिथल्या तिथे इथल्या शाळेत बदली दिली. सोमवारपासून हजर व्हायचंय. आता बसा तुम्ही, चहा टाकते. असे का बघताय?”

भोंग्याला आयुष्यात पहिल्यांदा आवाज फुटेना. त्यानं कसंबसं सगळं सांगितलं. बेट, तीन वर्षं, एकच खोली. बिस्किटंसुद्धा सांगितली.

बायको बॅगेवर मटकन बसली. लेकीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लेकीला वाटलं खेळ आहे, तीही वाजवू लागली. भोंग्यानं दोघींकडे पाहिलं, डोळे पुसले आणि तोही सामील झाला.

आवाज ऐकून शेजारचे आजोबा दारातून डोकावले.

“काय रे बाबांनो, काही आनंदाची बातमी?”

“हो ना आजोबा,” बायको टाळ्या न थांबवता म्हणाली, “आम्ही हरलो.”